सुट्टीत तग धरणारी वेल



तिसरीच्या मुलांनी दिवाळीनंतर वर्गाच्या खिडकीशी जाई लावली. पाणी घालायच्या पाळ्या ठरल्या, पाळ्यांवरून भांडणंही झाली. मग उन्हाळ्याची सुट्टी लागली. जूनमध्ये हीच मुलं चौथीत आली आणि पाहतात तर काय, सुतळीवर नुसत्या वाळक्या काड्या! एक मुलगी हिरमुसून म्हणाली, "बाई, माझ्या पाळीला तर हिरवी होती."

चूक माझीच. मे महिन्यात पाणी कोण घालणार, हे मी विचारलंच नव्हतं. रोपवाटिकेत आपण फूल बघून वेल निवडतो, तिथेच फसतो.

बोगनवेल चिवट खरी. एकदा रुजली की कमी पाण्यात उलट जास्त बहरते. (ते रंगीत दिसतं ना, ती पानं बरं का! खरं फूल मधलं, पांढरं, नळीसारखं.) पण तिला काटे असतात, शिवाय ती स्वतः वेटोळे घालत नाही, बांधावी लागते. खेळायच्या वाटेवर नकोच. मधुमालतीही जुनी झाली की ऊन सोसते. संध्याकाळी उमललेल्या तिच्या पांढऱ्या फुलाला दोरा बांधून ठेवा. ते आधी गुलाबी आणि मग लाल होताना दिसेल. मात्र तिचा भार पेलायला भक्कम मांडव हवा. आमच्या खिडकीला तो कुठला?

एका मुलाने डबीभर गुंजा आणल्या. लालचुटूक, काळ्या टिपक्याच्या! पूर्वी सोनार याच गुंजांनी सोनं तोलत. ही वेलही काटक, पण बी जहाल विषारी. चावून गिळलेली एक गुंजही जिवावर बेतू शकते. आईबाबांनो, धाकटी भावंडं असलेल्या घरात गुंजेची वेल लावूच नका.

शेवटी आम्ही गोकर्ण लावली. बिया रात्रभर भिजवल्या आणि पहिल्या पावसानंतर पेरल्या. ती स्वतःच वेटोळे घालत सुतळीवर चढते. तिच्या मुळांवर बारीक गाठी असतात. त्यांतले जिवाणू हवेतला नत्र धरून ठेवतात, म्हणून खताची फारशी ददात नाही. आणि मे महिन्यात वाळलीच, तर? शेंगा तडकायच्या आत बिया काढून ठेवायच्या. डबी त्या हिरमुसलेल्या मुलीने आत्ताच आणून दिलीय. झाकणावर लिहिलंय, 'उघडू नये. जूनमध्ये पेरणे.'

तुमच्या बाई