पियानोखालचं पोर

डी. एच. लॉरेन्सची ‘पियानो’ (१९१८) परत वाचली. इनमीन बारा ओळी. संध्याकाळी एक बाई गाते आणि ऐकणारा थेट लहानपणात जातो. पियानोखाली बसलेलं पोर, वर तारांचा घुमणारा आवाज, हातात आईची पावलं. शेवटी हा बाप्या चक्क रडतो.

आय. ए. रिचर्ड्सनी कवीचं नाव झाकून ही कविता केंब्रिजच्या विद्यार्थ्यांना दिली होती (त्यावरचं पुस्तक १९२९ चं). बहुतेकांनी तिला रडकी ठरवलं.

मला नाही पटत. हा माणूस रडायला बसलेलाच नाही, उलट स्वतःला अडवतोय. गाण्याने दगा दिला असंच त्याला वाटतं. शाळेच्या आठवणींचे फॉरवर्ड आपण हौसेने वाचतो. ही आठवण मात्र मानगुटीवर बसते. आणि तिची किंमत पडते... समोरची बाई जीव तोडून गातेय, ते त्याच्यापर्यंत पोचतच नाही.

लॉरेन्सची आई १९१० मध्येच गेली होती. माझी आहे अजून. आणि रविवारी तिचा फोन आला की मी एका कानाने ऐकत मेल बघतो!

रडकं कोण, ते तुम्हीच ठरवा.