वारस की राखणदार?

तरुण माणूस नोकरीला लागला, की ऑफिसातला कारकून त्याच्यापुढे एक फॉर्म सरकवतो आणि म्हणतो, "फंडाला वारस लावा." लग्न व्हायचे असते, तो आईचे नाव लिहून मोकळा होतो. पुढे लग्न होते, मुलेबाळे होतात, फॉर्म मात्र फायलीत तसाच पडून राहतो. माणूस गेल्यावर घरात जो कलह माजतो, त्याचे एक मूळ 'वारस लावणे' या शब्दप्रयोगात आहे, असे माझे मत आहे.

कारण वारस असा लावता येत नाही. फॉर्मवर आपण नेमतो तो नॉमिनी, म्हणजे पैसे स्वीकारणारा, एका अर्थी राखणदार. वारस ठरतो तो कायद्याने किंवा मृत्युपत्राने. सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये आयुर्विम्याच्या एका खटल्यात हे स्पष्ट केले. २००९ मध्ये त्याच न्यायालयापुढे भविष्य निर्वाह निधीचा वाद आला. एका बँक कर्मचाऱ्याने लग्नापूर्वी आईचे नाव दिले होते. तो वारल्यावर सासू आणि सून समोरासमोर उभ्या राहिल्या. न्यायालयाने सांगितले, की नाव आईचे असले तरी पैसा वारसा कायद्याप्रमाणेच वाटला पाहिजे. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने आई, पत्नी, मुलगे आणि मुली यांना एकाच पंक्तीला बसवले आहे.

निर्णय न्याय्यच आहे. पण पुत्रशोकात बुडालेल्या आईला आणि वैधव्य आलेल्या सुनेला त्यासाठी कोर्टाची पायरी चढावी लागावी, हे मला खटकते.

कोणी म्हणेल, नियम माहीत करून घ्यावेत. जरूर घ्यावेत, पण ते सगळीकडे सारखे नाहीत. कर्मचारी भविष्य निर्वाह निधीच्या १९५२ च्या योजनेने, कुटुंब नसताना दिलेले नाव पुढे कुटुंब झाल्यावर रद्द समजावे, असे ठरवले. विम्याच्या कायद्यात २०१५ मध्ये जवळच्या नातलगांसाठी निराळा बदल झाला. सामान्य माणसाने काय काय ध्यानात ठेवावे? म्हणून ऑफिसांनीच दरवर्षी एकदा हा फॉर्म प्रत्येकापुढे ठेवावा आणि नाव बदलायचे आहे का, असे विचारावे.

आपण कला शाखेचे विद्यार्थी. कायदा हा आपला विषय नसेल, पण शब्द तर आहे! उद्या नोकरीच्या पहिल्या दिवशी कोणी "वारस लावा" म्हणाले, तर आपण निदान एवढे विचारावे : "वारस, की राखणदार?" आणि आज घरी गेल्यावर वडिलांना, आईला त्यांच्या फॉर्मवर कोणाचे नाव आहे, तेही विचारावे. यात अशुभ काही नाही.