मान दुसऱ्या दिवशी बोलते

पाम बीच रोडवर सिग्नलला गाडी उभी आणि मागून धडक! तुम्ही उतरून बंपर बघता, ‘मला काही झालं नाही’ म्हणत घरी जाता. सकाळी मान वळतच नाही. झटक्याने ताणलेले स्नायू बरेचदा काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी दुखू लागतात. अशा वेळी मालीश नको, सलूनमध्ये मान मोडून घेणं तर नकोच, डॉक्टरांना दाखवा.

अपघातानंतर कुणाची मान असह्य दुखत असेल, हातापायांना मुंग्या किंवा बधिरपणा आला असेल, तर त्याला ओढून बाहेर काढू नका. आगीसारखा धोका नसेल तर आहे तिथेच डोकं-मान स्थिर धरा, १०८ला फोन लावा.

आणि आजच हेडरेस्ट डोक्याच्या उंचीला आणा. बंपर बदलता येतो, मान नाही.