पोट सुटले, पण कोणाचे?

गिरणगावच्या भिंतींवर आपल्या कार्यकर्त्यांनी जो भांडवलदार रंगविला त्याचे पोट नेहमी सुटलेले असे, आणि कामगाराच्या बरगड्या मोजता येत. आज ते चित्र परळ-लालबागला लावले तर लोक हसतील. गिरण्यांच्या जमिनीवरील मनोऱ्यांतला साहेब व्यायामशाळेत घाम गाळतो; दाराशी बारा तास खुर्चीवर बसणाऱ्या पहारेकऱ्याचे पोट मात्र पुढे आलेले असते. दोन वडापाव आणि गोड चहा यांवर तो पाळी काढतो. त्याला खादाड ठरवून मोकळे होणारे आपल्यातही आहेत.

शास्त्राला हा निवाडा मान्य नाही. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९०च्या दशकात पुण्याजवळच्या खेड्यांतील माता-बालकांचा अभ्यास सुरू केला. तेथील नवजात बालकाचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, इंग्लंडमधील बालकाचे ३.५; पण उणीव स्नायूंत होती, चरबीत फारशी नव्हती. म्हणजे वजनकाटा अर्धीच हकीकत सांगतो. उरलेली रक्तात शोधावी लागते. कर्बोदके व साखर गरजेहून जास्त झाली की यकृत त्यांची चरबी बनविते. ती ट्रायग्लिसराइडच्या रूपाने रक्तात उतरते, यकृतात साचते, आणि इन्सुलिनचा प्रभाव ओसरू लागतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत आपल्या उष्मांकांपैकी ६२ टक्के कर्बोदकांतून येतात असे दिसले. याज्ञिकांच्याच अभ्यासात, गरोदरपणी ज्या मातांच्या रक्तात बी-१२ कमी व फोलेट जास्त होते त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षीच इन्सुलिनला दाद न देण्याची खूण आढळली. हे बी-१२ दूध, अंडी, मासे, मांस यांतून मिळते. भातातून वा पावातून नव्हे.

१९७२ साली मृणालताई गोरे व अहिल्याताई रांगणेकर यांच्याबरोबर महिलांनी महागाईविरुद्ध लाटणी उचलली, ती धान्य, तेल, साखर रास्त भावात मिळावी म्हणून. दुष्काळाच्या त्या दिवसांत मागणी योग्यच होती. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापले, ते गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या खाणावळवाल्या बायांसाठी. त्या ताटात भातावर आमटी वा मासळीचे कालवण असे. १९८२च्या संपानंतर गिरण्या गेल्या, गिऱ्हाईक गेले, ताटही गेले.

सरकारने मात्र आपली जुनी यादीच पाठ केली आहे. २०१३च्या अन्न सुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबांना माणशी पाच किलो धान्य दिले, डाळ नाही. २०२२च्या दिवाळीत शंभर रुपयांत 'आनंदाचा शिधा' आला : किलोभर रवा, किलोभर साखर, लिटरभर पामतेल, आणि डाळीच्या नावाने किलोभर चणाडाळ. शालेय पोषण आहारात अंडे देण्याचा निर्णय नोव्हेंबर २०२३ मध्ये झाला, जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी बंद झाला. शाळांनी लोकवर्गणी काढावी म्हणे! आमच्या शाखेने तेव्हा साधा निषेधाचा ठरावही केला नाही. शिधावाटप कार्यालयावरील पुढच्या मोर्चाच्या निवेदनात तूरडाळ पहिल्या ओळीत असावी आणि शाळेतील अंड्याची मागणी तिच्या लगोलग यावी, असे मी बैठकीत मांडणार आहे.