सात रात्री, किती शहरं?

“सात रात्री, सहा शहरं. बसतंय बरोबर!” फोनवर बाबा एकदम खुशीत होते. मी होस्टेलच्या गच्चीवर उभा होतो, कारण रेंज तिथेच मिळते. दुसऱ्या दिवशी ‘हीट ट्रान्सफर’ची ओरल, आणि इकडे बाबा हजेरी घेतल्यासारखी यादी वाचत होते. मिलान, व्हेनिस, फ्लोरेन्स, पिसा, रोम, नेपल्स!

माझी ताई जर्मनीत नोकरी करते. 2024 च्या जूनमध्ये तिने आई-बाबांना आणि मला बोलावलं आणि रजेतले आठ दिवस इटलीसाठी राखून ठेवले. बाबा बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले, आईचे गुडघे कुरकुरणारे. दोघांचाही हा पहिलाच परदेश प्रवास. त्यामुळे बाबांचा मुद्दा साधा होता : “परत कोण जाणार आहे तिकडे? एकदाच जायचं, तर सगळं बघून यायचं.”

मित्रहो, हा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. “कमी बघा, निवांत बघा, उरलेलं पुढच्या वेळी” असं सांगणाऱ्यांना पुढची वेळ असते. आपल्यासारख्यांच्या घरात ती असेलच असं नाही. म्हणूनच मला उत्तर शोधायला दोन दिवस लागले. ते सापडलं आपल्याच वर्कशॉपमध्ये.

लेथवर काम करताना सर काय सांगतात? जॉब चकमध्ये धरा, सेंटर करा, टूल लावा, मग कटिंग. जॉब बदलला की हे सगळं पहिल्यापासून. हा झाला सेटिंग टाइम. तेवढ्या वेळात मशीन अडकलेलं असतं, पण माल काही बाहेर पडत नाही. शहर बदलणंही तसंच आहे.

बाबा म्हणायचे, “फ्लोरेन्स ते रोम दीड तास. म्हणजे आपली पुणे-लोणावळा लोकल!” गाडीचा वेळ त्यांनी बरोबर काढला होता. व्हेनिस ते फ्लोरेन्स सव्वादोन तास, रोम ते नेपल्स तासाभरापेक्षा थोडं जास्त. इटलीच्या जलद गाड्या खरंच झकास आहेत. पण हा झाला फक्त कटिंग टाइम! सकाळी बॅगा भरा, दहा-अकराला खोली सोडा, बॅगा ओढत स्टेशन गाठा, प्लॅटफॉर्म शोधा, नव्या गावात उतरून हॉटेल शोधा, आणि तिथे कळतं की खोली दुपारी दोन-तीनच्या आधी मिळणार नाही. व्हेनिसमध्ये तर रिक्षा-टॅक्सी विसराच. प्रत्येक पुलाला पायऱ्या आणि बॅग आपल्या हातात. म्हणजे एक शहर बदललं की अर्धा दिवस गेलाच म्हणून समजा.

आता गणित करा. येण्या-जाण्याचे तुकडे सोडले तर हाताशी साधारण सात दिवस. सहा शहरं म्हणजे पाच बदल, म्हणजे अडीच दिवस बॅगांमध्ये गेले. तीन शहरं म्हणजे दोन बदल आणि एकच दिवस वाया. फरक दीड दिवसाचा. शिवाय सहा शहरांच्या हिशोबात उरलेले साडेचार दिवस सहा ठिकाणी वाटायचे, म्हणजे रोमच्या वाट्याला पाऊण दिवस! कलोसियम, फोरम, व्हॅटिकन, सगळं पाऊण दिवसात?

हे बाबांना सांगितल्यावर फोनवर शांतता. मग म्हणाले, “गाळायचं कुठलं?” खरी अडचण तीच होती. गाळणं कुणालाच जमत नाही. मग ताईने उलटा प्रश्न टाकला : प्रत्येकाने एकच गोष्ट सांगायची, जी राहिली तर जन्मभर चुटपुट लागेल. आई लगेच म्हणाली, “व्हेनिस.” ‘द ग्रेट गॅम्बलर’मध्ये अमिताभ आणि झीनत अमानला तिथल्या नावेत बघितल्यापासून तिच्या मनात ते होतं. पिक्चर 1979 चा आहे, तेव्हा हिशोब तुम्हीच करा. ताईचं कलोसियम. माझा फ्लोरेन्सच्या कॅथिड्रलचा घुमट. ब्रुनेलेस्कीने तो 1420 ते 1436 मध्ये जमिनीपासून सेंटरिंग न लावता बांधला, हे वाचल्यापासून तो मला बघायचाच होता. आणि बाबांचा पिसाचा मनोरा.

मिलान आणि नेपल्स कुणीच घेतलं नाही! यादीतली दोन नावं केवळ यादी भरलेली दिसावी म्हणून होती.

प्लॅन ठरला : व्हेनिस दोन रात्री, फ्लोरेन्स दोन, रोम तीन. व्हेनिसला उतरायचं आणि रोमहून परत फिरायचं, म्हणजे उलटा प्रवास नाही. पिसा फ्लोरेन्सहून गाडीने साधारण तासाभरावर, तेव्हा बॅगा खोलीतच ठेवून अर्ध्या दिवसात जाऊन यायचं. जॉब चकमधून काढायचाच नाही!

व्हेनिसमध्ये गोंडोल्याचा अर्ध्या तासाचा दर नव्वद युरो ऐकून आई म्हणाली, “एवढ्यात महिन्याचा किराणा येतो.” मग आम्ही एक नंबरच्या बोटीने मोठ्या कालव्यातून अख्खं गाव पाहिलं. दिवसभराची गर्दी संध्याकाळी ओसरली आणि आई पाण्याकाठी तासभर नुसती बसून राहिली. त्या गावाने 2024 पासून ठराविक दिवशी फक्त दिवसापुरतं येणाऱ्यांवर प्रवेश शुल्क बसवलं आणि रात्री मुक्काम करणाऱ्यांना त्यातून सोडलं. आमच्या बाजूने याहून चांगली साक्ष कुठली!

पिसाला मजा झाली. सगळे हात पुढे करून मनोऱ्याला ‘टेकू’ देत फोटो काढत होते आणि बाबा पायाकडे बघत होते. 1173 ला बांधकाम सुरू, खाली मऊ जमीन, तिसऱ्या मजल्यापर्यंत येता येता कलायला सुरुवात. 1990 साली मनोरा बंद केला, कलत्या बाजूच्या विरुद्ध बाजूने खालची माती थोडी थोडी काढली, माथा सुमारे 45 सेंटीमीटर मागे आणला आणि डिसेंबर 2001 मध्ये लोकांसाठी पुन्हा उघडला. हे मी वाचून दाखवत होतो आणि बाबा मान डोलावत होते. “आम्ही असता तर पाडून नवीन बांधला असता,” म्हणाले.

तेवढ्यात मराठी ऐकू आलं. आपल्याकडचाच एक ग्रुप होता. एक काका बाबांशेजारी टेकले. “आम्हाला पंचेचाळीस मिनिटं दिलीत. सकाळी कुठल्या गावातून निघालो ते विचारू नका, बायकोला विचारून सांगतो.” ते हसले, आम्हीही हसलो. ग्रुप टूरला नावं ठेवायचा माझा हेतू नाही. भाषेची भीती, वरण-भाताची सोय, सोबत, हे सगळं वयस्कर माणसांना हवंच असतं. पण त्या काकांनीही आयुष्यभराची पुंजी खर्च केली होती, आणि निघताना ते मागे वळून वळून मनोऱ्याकडे बघत होते.

रोमच्या तीन रात्रींमुळे मला पॅन्थिऑन दोनदा बघता आलं. जवळजवळ एकोणीसशे वर्षांचा 43 मीटरचा काँक्रीटचा घुमट, आत लोखंडाची सळई नाही, मध्यभागी उघडं भोक. पहिल्या दिवशी सकाळी गेलो तेव्हा त्या भोकातून येणारा उन्हाचा गोल घुमटाच्या आतल्या अंगाला होता. शेवटच्या दिवशी दुपारी गेलो, तर तोच फरशीवर उतरलेला. यादीवर टिक मारून पळालो असतो तर हे कळलंच नसतं.

आपल्यापैकी कितीतरी जण उद्या एम.एस.ला किंवा नोकरीला युरोपात जातील आणि आई-वडिलांना बोलावतील. त्यांना माझं एवढंच सांगणं : शहरं मोजू नका, बॅगा किती वेळा भराव्या लागतील ते मोजा. आठवड्याला दोन वेळा पुरे, म्हणजे तीन शहरं. चारच दिवस असतील तर एकदाच. आणि नकाशा उघडण्याआधी आईला विचारा, तिला काय बघायचंय.

बाबा अजूनही अधूनमधून म्हणतात, “पोम्पेई राहिलं रे.” राहिलं खरं. पण सोसायटीत कुणी इटलीचा विषय काढला, की पिसाच्या मातीवर ते अर्धा तास बोलतात. यादी न बघता!