मनातल्या मनात बोंब

माणूस हा पदरचे पैसे खर्चून घाबरणारा एकमेव प्राणी आहे. वाघाला बघून हरीण घाबरतं, ते फुकट. मांजराला बघून उंदीर घाबरतो, त्याला कुणी तिकीट मागत नाही. माणूस मात्र आधी तिकीट काढतो, दोन तास रांगेत उभा राहतो, स्वतःला पट्ट्यानं खुर्चीला बांधून घेतो आणि मग सत्तर-ऐंशी मीटर उंचीवरून खाली कोसळवून घेतो. कोसळताना आईला हाक मारतो आणि जमिनीवर पाय टेकले की "पुन्हा जाऊ या का?" असं विचारतो. या उद्योगासाठी जी नगरं वसवलेली असतात त्यांना थीम पार्क म्हणतात. आमच्या लहानपणी यालाच जत्रा म्हणत. फरक एवढाच, की जत्रेतला पाळणा एक माणूस हातानं फिरवायचा आणि तो कधी थांबणार हे त्याच्या विडीवर अवलंबून असायचं.

आता या धंद्याचा कच्चा माल कोणता? गर्दी, धक्काबुक्की आणि आरडाओरडा. २०२० साली जगभरच्या डॉक्टरांनी नेमक्या याच तीन गोष्टी वर्ज्य सांगितल्या. हलवायाला साखर, तूप आणि मैदा सोडून काहीही वापर म्हणावं, तसं झालं. टोकियोचं डिस्नेलँड फेब्रुवारीच्या शेवटी बंद झालं, कॅलिफोर्नियातलं १४ मार्चला. मिकी माऊस घरी बसला. काही महिन्यांनी एकेक बाग उघडायला लागली आणि उघडताना प्रत्येकीनं दारावर नियमांची पाटी लावली. माझं आजचं भांडण या पाटीशी आहे. सगळ्या पाटीशी नाही, तिच्या खालच्या निम्म्या भागाशी.

वरच्या निम्म्या भागाचा तर मी जाहीर चाहता आहे. त्यात पहिला मान जपानचा. तिथल्या थीम पार्कवाल्यांच्या संघटनांनी मे २०२० मध्ये एक नियमावली काढली. रोलर कोस्टरवर शक्यतो ओरडू नये. भूतबंगल्यातल्या भुतांनी गिऱ्हाइकापासून सुरक्षित अंतर ठेवावं. कर्मचाऱ्यांनी मास्क लावलेला असला तरी डोळ्यांनी हसावं. हे मी घरात मोठ्यानं वाचून दाखवलं, तेव्हा ही म्हणाली, "अंतर ठेवणारं भूत? मग त्याला भूत कशाला म्हणायचं, दूरचा नातेवाईक म्हणा की!"

लोक म्हणाले, पण न ओरडता राहायचं कसं? त्यावर फुजी-क्यू हायलँड नावाच्या बागेनं तोंडानं उत्तर दिलं नाही, कृतीनं दिलं. ती बाग आणि तिची मालक कंपनी यांचे दोन बडे साहेब नीटनेटके कपडे घालून, तोंडाला मास्क लावून 'फुजियामा' नावाच्या पाळण्यात जाऊन बसले. हा पाळणा ७९ मीटर उंच. ताशी १३० किलोमीटर वेगानं पळतो. दोघं वर गेले, खाली आदळले, वाकडे झाले, सरळ झाले, पण चेहऱ्यावर बँकेत पासबुक भरून घ्यायला आल्याचे भाव. शब्द नाही, हुंकार नाही. शेवटी पडद्यावर विनंती आली, की किंकाळी कृपया मनातल्या मनात मारावी.

सारं जग यावर हसलं. मी नाही हसलो. मध्यमवर्गीय मराठी माणसाला यात हसण्यासारखं काय आहे? आपण दुसरं काय करत आलो? साहेबानं सुट्टीचा अर्ज परत केला, मनातल्या मनात ओरडलो. घरमालकानं पाणी तोडलं, मनातल्या मनात ओरडलो. मेव्हण्यानं लग्नात आहेर म्हणून स्टीलची सहावी बरणी दिली, मनातल्या मनात ओरडलो आणि तोंडानं "कशाला हो उगीच!" म्हणालो. त्या दोन साहेबांनी चार मिनिटं जे केलं ते आमच्या पिढीनं पेन्शनीपर्यंत केलं, आणि आमचं कुणी चित्रीकरण केलं नाही.

शिवाय त्या नियमात एक सचोटी होती. साहेब आधी स्वतः पाळण्यात बसला, मग गिऱ्हाइकाला सांगितलं. कुठल्याही कचेरीत हा क्रम उलटा असतो. आणि नियमाला कारण होतं. ओरडण्यानं थुंकी उडते, थुंकीनं रोग पसरतो. रोग गेला की कारण गेलं, कारण गेलं की नियम गेला. नियमानं असं पाहुण्यासारखं वागावं. यावं, काम असेल तोवर राहावं, आणि चपला घालून निघावं.

असे पाहुणे-नियम इतरत्रही होते. शांघायचं डिस्नेलँड ११ मे २०२० ला उघडलं, तेव्हा सरकारनं एरवीच्या तीस टक्क्यांचीच, म्हणजे दिवसाला चोवीस हजारांची मर्यादा घातली होती. फ्लोरिडातल्या डिस्नेच्या बागा जुलैत उघडल्या. दारात ताप मोजायचे. आधी दिवस राखून ठेवल्याशिवाय आत पाऊल नाही. मिरवणूक नाही, दारूकाम नाही, मिकीला मिठी नाही. खायचं तर एका जागी उभं राहून, चालता चालता नाही. हा नियम आमच्या आजीचा. अमेरिकेला तो कळायला २०२० साल उजाडलं. पाळण्यावर मास्क काढणाऱ्यांना त्यांचा फोटो मिळत नसे. लोकांची कुरकुर झाली. मग डिसेंबरात असं उघडकीला आलं, की काही फोटोंमध्ये उघड्या तोंडांवर कंपनीनं यंत्रानं मास्क चिकटवले होते! गवगवा झाल्यावर ते बंद केलं. आमच्या गावच्या फोटोग्राफरनं वराच्या टकलावर केस काढून दिले होते, पण तो त्याचे वेगळे पैसे घेत नसे.

आणि नियम कडक असला की माणसाचं काय होतं तेही शांघायलाच दिसलं. ३१ ऑक्टोबर २०२१, रविवार. आदल्या दिवशी येऊन गेलेल्या एका बाईला लागण झाल्याचं कळलं आणि दरवाजे लागले. आत तेहतीस हजारांहून अधिक माणसं. तपासणी करून घेतल्याशिवाय कुणालाही बाहेर सोडेनात. पांढऱ्या पोशाखातले कर्मचारी नाकात काडी घालताहेत आणि वर आभाळात ठरल्याप्रमाणे दारूकाम चाललेलं! इतकी माणसं तपासली, एकही बाधित निघाला नाही. जाच होता, पण जाचाचंही कारण समोर दिसत होतं.

आता या पाटीच्या खालच्या भागाकडे या. तो बारीक अक्षरांत असतो. विम्याच्या कागदावर आणि औषधाच्या बाटलीवर असतो तसा.

डिस्नेनं १९९९ साली फास्टपास नावाची सोय काढली होती. चिठ्ठी घ्यायची, सांगितलेल्या वेळी यायचं, छोट्या रांगेतून आत जायचं. पैसे? शून्य. तिकीट काढलेल्या प्रत्येकाला हक्क सारखा. २०२० साली बागा उघडल्या तेव्हा ती सोय बंद ठेवली. कारणही पटण्यासारखं होतं, की माणसं सहा सहा फुटांवर उभी करायची तर रांगेला जागा जास्त लागते. लोकांनी मान डोलावली. सहा फुटांचा नियम फ्लोरिडात २०२१ च्या जूनमध्ये उठला. मग सोय परत आली का? आली. ऑक्टोबरात आली. नाव बदलून आली आणि येताना हात पुढे करून आली. माणशी दिवसाला पंधरा डॉलर, म्हणजे तेव्हाच्या भावानं अकराशे रुपयांच्या वर. शिवाय सर्वांत लोकप्रिय पाळण्यांचे वेगळे. २०२४ मध्ये तर रांगेत ताटकळणं जवळपास टाळायचा नवा पास निघाला. कॅलिफोर्नियात त्याचा सुरुवातीचा दर होता माणशी ४०० डॉलर! प्रवेशाचं तिकीट वेगळं.

विमानतळावरून हॉटेलापर्यंत नेणारी मोफत बस २००५ पासून होती. जानेवारी २०२१ मध्ये, लोक घरात बसलेले असताना, ती बंद करण्याचं जाहीर झालं आणि २०२२ उजाडल्यावर ती गेली. कारण काय, तर लोकांपुढे आता वाहनांचे बरेच पर्याय आहेत! जावयाला जेवायला बोलवावं आणि ताट मांडायच्या वेळी म्हणावं, "गावात हल्ली खानावळी पुष्कळ झाल्यात," तसं हे.

मिठी मात्र परत आली. एप्रिल २०२२ मध्ये मिकीनं पुन्हा पोरांना जवळ घेतलं. मास्क गेला, थर्मामीटर गेला, दारूकाम आलं, मिरवणूक आली. बागेच्या पैशाला ज्याचा धक्का लागत नव्हता ते सारं पूर्ववत झालं. जे गिऱ्हाइकाच्या खिशातून निघत होतं ते तिथंच राहिलं. रोग हद्दपार झाला, पण तो येताना जी पेटी घेऊन आला होता ती मात्र मागे ठेवून गेला आणि मॅनेजरनं तिला आपलं कुलूप लावलं.

यावर आमच्या शेजारचे एक निवृत्त हिशेबनीस म्हणाले, "अहो, कंपनीचं नुकसान किती झालं ते बघा ना!" बघितलं. २०२० च्या एका तिमाहीत या महामारीमुळे डिस्नेच्या बागांना साडेतीन अब्ज डॉलरचा फटका बसला, असं कंपनीनंच सांगितलं. खोटं कोण म्हणतंय? त्या सप्टेंबरात कंपनीनं अठ्ठावीस हजार कर्मचारी काढायचं जाहीर केलं, त्यातले दोन तृतीयांश अर्धवेळ. डोळ्यांनी हसा म्हणणं सोपं असतं हो, पण नोकरी गेलेल्या माणसानं कशानं हसायचं? मात्र हिशेबनीसांनी पुढचं पानही उलटावं. महामारीच्या आधी, २०१९ च्या आर्थिक वर्षात, याच विभागाचा कामकाजातला नफा होता पावणेसात अब्ज डॉलर. २०२२ च्या आर्थिक वर्षात तो झाला सात अब्ज नव्वद कोटी. म्हणजे आजारी पडण्यापूर्वी पैलवानाचं वजन होतं त्यापेक्षा उठल्यावर जास्त भरलं, आणि तरी तो अजून आजाऱ्याचं दूध वेगळं मागतोय! आणि घरातल्या लहान पोराच्या वाटचं पीत बसलाय.

तुम्ही म्हणाल, "तुम्हाला काय करायचंय? फ्लोरिडाला कोण जातंय?" जातात हो. मुलगी-जावयाकडे जाणारे, नातवाला मिकी दाखवायचा म्हणून पेन्शनीतून बाजूला टाकणारे आपल्यातलेच असतात. पण मुद्दा तो नाही. मुद्दा रांगेचा आहे. रांग ही गरिबाची एकमेव मिळकत. पैसा नाही, ओळख नाही, पण सकाळी लवकर उठून पुढे उभा राहीन, एवढंच त्याच्या हाती असतं. रॉकेलच्या रांगेत आपण हेच शिकलो. त्या रांगेतली पुढची जागा विकायला काढली की मागच्याचा नुसता वेळ जात नाही, त्याचा वेळच दुसऱ्याला विकला जातो. पुढे चारशे डॉलरवाला घुसतो तो कुणाच्या पुढे? फुकट उभ्या असलेल्या पोराच्या. आणि हे सगळं सुरू झालं कशाच्या नावाखाली? तुमच्या आरोग्याच्या!

अडचणीच्या काळाशी जुळवून घेणं आम्हालाही माहीत आहे. २०२० साली आषाढीला संतांच्या पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या. २०२१ सालीही तसंच. शेकडो मैल पायी जाणारी वारी बसमध्ये बसली, कुणी कुरकुरलं नाही, डोळे मात्र सगळ्यांचे भरून आले. २०२२ ला वारी पुन्हा पायी निघाली. एसटी सोयीची पडते, लवकर पोचते, खर्च वाचतो, म्हणून आता कायमची एसटीच ठेवू, असं कुणालाही सुचलं नाही. तात्पुरतं म्हणजे तात्पुरतं. हा शब्दाचा अर्थ वारकऱ्याला कळतो आणि व्यवस्थापनाच्या पदव्या घेतलेल्यांना कळत नाही, याचं मला नवल वाटत नाही. वारकऱ्याला वर्षअखेर भागधारकांना तोंड दाखवायचं नसतं.

म्हणून माझी मागणी साधी आहे. संकटात जन्मलेल्या प्रत्येक नियमाच्या कपाळावर जन्मतारखेबरोबर मरणाची तारीखही लिहावी. दुधाच्या पिशवीवर लिहितात, मग नियमावर लिहायला काय हरकत आहे? तारीख उलटली की नियम नासला असं समजावं आणि फेकून द्यावा. पुढच्या वेळी पुन्हा रोग येईल, पुन्हा बागा मिटतील, पुन्हा उघडतील. दारातला माणूस ताप मोजील, मोजू द्या. मास्क लावा म्हणेल, लावा. ओरडू नका म्हणेल, मुळीच ओरडू नका. पण त्या वेळी त्याचा दुसरा हात कुठं आहे ते बघा. आणि तो तुमच्या खिशात सापडला, तर तिथं मात्र मनातल्या मनात ओरडत बसू नका. चांगली फुजी पर्वतापर्यंत ऐकू जाईल अशी बोंब ठोका.