मुलांच्या हातीं चार तारा

उन्हाळ्याची सुटी लागली कीं आमच्या माधवनगरांतील मोठ्या कुटुंबांत एक प्रश्न दरवर्षीं नव्यानें उभा राहतो : मुलांना या दिवसांत काय शिकवावें? पूर्वीं त्याचें उत्तर पेटी, तबला किंवा पोहणें असें ठरलेलें असे. अलीकडे कांहीं घरांत एक चिमुकलें चार तारांचें वाद्य येऊं लागलें आहे. त्याचें नांव उकुलेले. दिसावयास तें गिटारचें पिलूं, लांबी हातभर, तारा नायलॉनच्या, म्हणून कोंवळ्या बोटांना न बोंचणाऱ्या. नातवंडें त्यावर लुब्ध होतात, आजोबांच्या कपाळास आठी पडते, आणि मधल्या पिढीची दोन्ही बाजूंची समजूत घालतां घालतां पुरेवाट होते. या वादांत दोन्ही पक्षांचें थोडथोडें खरें आहे असें आम्हांस वाटतें, म्हणून यावेळीं या वाद्याविषयीं चार गोष्टी लिहिण्याचें योजिलें आहे.

प्रथम आजोबांचा आक्षेप घेऊं. हें परक्यांचें खेळणें आपल्या घरीं कशाला, असें त्यांचें म्हणणें. उकुलेले परकें आहे यांत शंका नाहीं. परंतु ज्या हवाई बेटांचें म्हणून तें प्रसिद्ध आहे, तेथेंहि तें पाहुणेंच होतें. २३ ऑगस्ट १८७९ रोजीं 'रॅव्हन्सक्रॅग' नांवाचें जहाज होनोलुलूच्या बंदरास लागलें. पोर्तुगालच्या मदीरा बेटांतील कुटुंबें हवाईच्या उसाच्या मळ्यांवर काम करण्यासाठीं त्यांतून आलीं होतीं. त्यांत मान्युएल नुनेश, आगुश्तो दियश आणि जुझे दु एस्पिरितु सांतु हे तीन लाकूडकाम जाणणारे कारागीर होते. पुढें त्यांनीं होनोलुलूंत दुकानें थाटलीं आणि आपल्या बेटावरील एका छोट्या तंतुवाद्यांत फेरफार करून हें नवें वाद्य घडविलें. हवाईचा राजा कालाकाउआ याला तें आवडलें व दरबारच्या नृत्यगायनांत त्याला मान मिळाला. उकुलेले या नांवाचा अर्थ 'उड्या मारणारी पिसू' असा सामान्यतः सांगतात. १९१५ सालीं सान फ्रान्सिस्को येथील मोठ्या प्रदर्शनांत अमेरिकन लोकांनीं तें ऐकलें आणि तेथून त्याचा प्रसार वाढला. उसाच्या पट्ट्यांत राहणाऱ्या आम्हां सांगलीकडील लोकांस या कथेचें नवल वाटूं नये. ऊस जेथें पिकतो तेथें दूरदूरचीं माणसें कामाला येतात, आणि येतांना आपलीं गाणींहि घेऊन येतात.

शिवाय परकेपणाचाच निवाडा करावयाचा झाल्यास पेटीचें काय? विष्णुदास भाव्यांनीं १८४३ सालीं सांगलीस ज्या मराठी रंगभूमीचा पाया घातला, तिनें पुढें संगीत नाटकांत पेटीला मांडीवर घेतलें. ती पेटी युरोपांतूनच आलेली. १९४० सालीं रेडिओनें तिला आपला दरवाजा बंद केला व तो १९७१ पर्यंत उघडला नाहीं. परंतु या मधल्या तीस वर्षांत घरोघरच्या आरत्या आणि गांवोगांवचीं भजनें कांहीं पेटीवांचून राहिलीं नाहींत. वाद्य कोठून आलें यापेक्षां त्यावर कोणतें गाणें वाजतें, या गोष्टीस आम्ही अधिक महत्त्व देतों.

आतां नातवंडांचा पक्ष. तीं हें वाद्य बहुधा फोनच्या पडद्यावरील धड्यांवरून शिकतात. त्या धड्यांत प्रथम कॉर्ड शिकवितात. म्हणजे तीन-चार स्वर एकदम वाजविण्याची बोटांची ठेवण. पाश्चात्य गाण्यांची बैठक अशा स्वरसमूहांवर असल्यामुळें तेथें तें योग्यच आहे. आमचें गाणें मात्र एका षड्जावर बसून, एकामागून एक येणाऱ्या स्वरांनीं आपली वाट काढतें. त्यामुळें आमच्या मुलाच्या हातीं आरंभींच कॉर्ड दिले कीं होतें काय, कीं महिन्याभरांत तारा झणझणूं लागतात, पण गाणें कोठें ऐकूं येत नाहीं. मुलाला बोटांच्या चार जागा येतात आणि 'सा' मात्र लागत नाहीं. आजोबांच्या कपाळावरील आठीचें खरें कारण हेंच असतें, जरी तें त्यांना शब्दांत सांगतां आलें नाहीं तरी.

यावर उपाय या वाद्याच्या पोटांतच आहे. उकुलेलेच्या चार तारा नेहमीं ज्या स्वरांत मिळवितात, ते पेटीवर पाहिले तर पांढरी पांच, पांढरी एक, पांढरी तीन आणि पांढरी सहा हे होत. पांढरी एक हा षड्ज धरला, कीं वाद्य हातीं घेतल्यावर हनुवटीकडून खालीं क्रमानें त्याच तारा प, सा, ग, ध अशा होतात. संगीत जाणणाऱ्या वाचकांच्या ध्यानांत आलेंच असेल कीं, यांत केवळ रिषभ मिळविला तर भूप राग पूर्ण होतो. आणि तो रिषभहि दूर नाहीं. सा च्या तारेवर दुसऱ्या पडद्याजवळ बोट ठेवलें कीं रे बोलतो. ध च्या तारेवर तिसऱ्या पडद्याला तार षड्ज. विद्यार्थ्यांस आरंभीं भूप देण्याची आपल्याकडे जुनी वहिवाट आहे. दूरच्या बेटांतून आलेल्या या वाद्याच्या मोकळ्या तारांवर तो राग जवळजवळ तयारच बसलेला आहे. पुढें ग च्या तारेवर पहिल्या पडद्याला म आणि ध च्या तारेवर दुसऱ्या पडद्याला नी सांपडला, म्हणजे सातहि शुद्ध स्वर हातीं येतात.

दुसरी सोय याहून मोलाची आहे. वरच्या दोन तारा, प आणि सा, शेजारी-शेजारी आहेत. आंगठ्यानें त्या दोनच सावकाश छेडीत राहिलें कीं तंबोऱ्याप्रमाणें षड्ज-पंचमाची सोबत सुरू होते. घरीं तंबोरा नसला तरी मुलाला स्वरांत बसविण्यास एवढें पुरेसें आहे.

म्हणून शिकविण्याचा क्रम आम्ही असा सुचवूं. पहिल्या आठवड्यांत वाद्य मोठ्या माणसानें धरावें, प-सा छेडावा आणि मुलानें केवळ गावें; गाणें त्याला पाठ असलेलेंच घ्यावें. दुसऱ्या आठवड्यांत मुलानें स्वतः प-सा छेडीत तेंच गाणें म्हणावें. आठ मात्रांच्या केरव्यांतील गाणें असेल तर पहिल्या व पांचव्या मात्रेवर, सहा मात्रांच्या दादऱ्यांत असेल तर पहिल्या व चौथ्या मात्रेवर आंगठा पडला म्हणजे झालें. तिसऱ्या आठवड्यांत भूपाचे सोपे अलंकार, आधीं तोंडानें व मग तारांवर. त्यानंतर पाठ असलेल्या गाण्याची पहिली ओळ मुलानें स्वतः तारांवर शोधून काढावी. येथें मोठ्यांनीं हात आवरावा. चुकीची तार वाजली कीं मूल आपण होऊन थांबतें व दुसरी शोधतें. तेवढ्या क्षणांत कान जितका तयार होतो तितका तो सांगून होत नाहीं.

एवढें झाल्यावर कॉर्ड खुशाल शिकवावे, आणि तेहि दोनच. ध च्या तारेवर तिसरा पडदा एका बोटानें दाबून चारहि तारा छेडल्या कीं प, सा, ग व तार सा एकदम बोलतात. तें बोट उचलून प च्या तारेवर दुसऱ्या पडद्याला ठेवलें कीं ध, सा, ग, ध. दोहोंत म नाहीं व नी नाहीं, म्हणून भूपाच्या अंगानें जाणाऱ्या गाण्याखालीं हे दोन्ही खटकत नाहींत. मात्र कोणता केव्हां घ्यावयाचा हें पुस्तकांत पाहूं नये, कानाला विचारावें.

या वाद्याची एक उणीवहि सांगितली पाहिजे. त्याचे पडदे सप्तकाचे बारा समान भाग करून बसविलेले असतात, आणि मोकळ्या ताराहि यंत्राच्या साह्यानें त्याच मापानें मिळविल्या जातात. त्यामुळें पेटीप्रमाणेंच येथला ग हा तंबोऱ्याच्या षड्जांतून आपोआप उमटणाऱ्या गंधारापेक्षां किंचित् चढा असतो. हा प्रश्न आमच्याच भागांतील जाणत्यांस शंभर वर्षांपूर्वीं पडला होता. सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनीं १९१० सालीं बावीस श्रुतींवर इंग्रजींत ग्रंथ प्रसिद्ध केला. खांसाहेब अब्दुल करीम खां यांचें त्यांना साह्य होतें, आणि श्रुतींप्रमाणें बोलणारी हार्मोनियम बनविण्यापर्यंत ती खटपट गेली. उकुलेलेवर ग ही मोकळी तार असल्यामुळें थोडा इलाज घरींच होतो. केवळ भूप वाजवावयाचा असेल तेव्हां तंबोरा ऐकून त्या तारेची खुंटी अगदीं किंचित् उतरवावी. म लागणारें गाणें घेतांना ती पूर्ववत् करावी, नाहीं तर म उतरेल. तेंच ध च्या तारेचें करूं नये, कारण तार षड्ज तिच्यावर अवलंबून आहे. आणि मींड, जी आमच्या गाण्याचा प्राण, ती या वाद्यांतून नांवापुरतीच निघते. म्हणून तें मुलांच्या संगीताचें पहिलें पाऊल म्हणून चांगलें. शेवटचें मानूं नये.

पुढच्या पावलासाठीं माधवनगरच्या मुलांना फार लांब जावें लागत नाहीं. लोहमार्गानें सांगली व विश्रामबाग मागें टाकलें कीं मिरज. फरीदसाहेबांनीं एकोणिसाव्या शतकांत शस्त्रकाम सोडून तंतुवाद्यांत हात घातल्यापासून तेथें सतारी व तंबोरे घडत आहेत. २०२४ सालीं मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनहि मिळालें. १९३७ सालीं निवर्तलेले अब्दुल करीम खां तेथेंच मीरासाहेबांच्या दर्ग्याजवळ चिरविश्रांति घेत आहेत. सुटीतला एक दिवस काढून मुलांना सतारमेकर गल्लींत न्यावें. वाळलेल्या भोपळ्याचा तंबोरा कसा होतो, घोडीवरील जवारी काढतांना कारागीर घासणें थांबवून पुनःपुन्हां कान कसा देतो, हें त्यांना पाहूं द्यावें. आपल्या चार तारांतील प-सा कोणाची नक्कल करीत होता तें मग त्यांना निराळें सांगावें लागणार नाहीं.

एवढ्या सोप्या गाण्यांसाठीं एवढा खटाटोप कशाला, असें कोणी म्हणेल. आमच्या शेजारच्या कुरुंदवाडास १८७२ मध्यें जन्मलेले विष्णु दिगंबर पलुसकर मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांजवळ गुरुगृहीं राहून शिकले. परंतु ५ मे १९०१ रोजीं त्यांनीं लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढलें, तें वर्गांत बसून व स्वरलिपीच्या पुस्तकांवरून सामान्य घरांतील मुलामुलींना शिकतां यावें म्हणून. कॅनडांतील हॅलिफॅक्स शहरीं चाल्मर्स डोन यांनीं १९६० नंतरच्या दशकांत शाळाशाळांतून उकुलेले सुरू केलें, त्यांतहि केवळ वादक निर्माण करण्यापेक्षां मुलांना स्वर, लय आणि एकत्र गाणें यांची ओळख व्हावी हाच हेतु प्रधान होता. शंभरांत एखादा तानसेन होईल. बाकीचे कानसेन झाले तरी घराचें कल्याणच आहे.

आणि या कामीं एकत्र कुटुंबाची बरोबरी कोणती शाळा करील? धाकट्यानें प-सा धरावा, मधल्यानें चाल वाजवावी, थोरल्या मुलीनें कॉर्ड सांभाळावे, काकांनीं ठेका द्यावा आणि गावें मात्र आजींनीं. आजींचें नांव आम्ही मुद्दाम घेतों. ज्या आजी आज ऐंशीच्या घरांत आहेत, त्यांना भोंडल्याचीं, जात्यावरचीं, पाळण्याचीं, न्हाणुलीचीं कितीतरी गाणीं येतात. त्यांतील पुष्कळ चारपांच स्वरांतच फिरतात, म्हणजे या चिमुकल्या वाद्यास अगदीं बेताचीं आहेत. कांहींचे शब्द छापलेले सांपडतील; परंतु त्या घराची, त्या आजीची चाल कोणत्याहि पुस्तकांत नाहीं. ती गळ्यांतून गळ्यांत जाते, आणि घेणारा गळा नसला तर तेथेंच थांबते. ज्या घरांतून अशी वडीलधारी मंडळी गेल्या कांहीं वर्षांत निघून गेली, त्यांना आम्हीं काय म्हणतों तें अधिक सांगावयास नको.

यंदाच्या सुटींत ज्यांच्या घरीं हें वाद्य आलें असेल त्यांना आमची एवढीच सूचना आहे. मुलाला एक कोरी वही द्यावी. त्यानें आजीजवळ बसून पांच गाणीं ऐकावीं, तीं तारांवर शोधावीं, आणि शब्दांच्या डोक्यावर सा-रे-ग-प लिहून काढावे. अक्षर वेडेंवांकडें आलें तरी हरकत नाहीं. वहीच्या पहिल्या पानावर मात्र आजीचें नांव, तिचें माहेरचें गांव आणि तारीख अवश्य घालावी.